अग्नीचा संस्कार आणि धातूचे कण

इंदूर शहरातील कृष्णपुऱ्याच्या पुलापाशी, खान नदीच्या काठाला होळकर घराण्याच्या छत्र्या उभ्या आहेत. तेथील कोरीव काम पाहून निघालेला मनुष्य राजवाड्याच्या बाजूने चालू लागला, म्हणजे थोड्याच वेळात कसेरा बाजार आणि बर्तन बाजार यांच्या गल्ल्यांत शिरतो. एकीकडे दगडाचे काम, दुसरीकडे धातूचे. हातोडा दोन्ही कारागिरांच्या हाती असतो. परंतु दोघांच्या कामात एक मूलभूत फरक आहे. पाथरवट दगडाचा नको असलेला भाग छिन्नीने काढून टाकतो. उरलेला दगड आत जसा होता तसाच राहतो. तांबट पत्रा ठोकतो तेव्हा घागरीचा आकार तर घडतोच, पण त्याबरोबर पत्र्याच्या अंतरंगात मोठी उलथापालथ होते. ती डोळ्यांना दिसत नाही. हाताला मात्र कळते. पत्रा ताठर होत जातो, हातोड्याखाली नीट वळेनासा होतो, आणि तसाच ठोकीत राहिले तर काठाशी तडकतो. मग तांबट भांडे विस्तवात घालतो, लाली येईपर्यंत तापवितो आणि बाहेर काढतो. भांडे पुन्हा पहिल्यासारखे नरम झालेले असते. एक घागर पुरी होईपर्यंत ठोकणे आणि तापविणे हा क्रम कितीतरी वेळा चालतो.

विस्तवाने नेमके काय केले, हे समजण्यासाठी धातूच्या पोटात डोकावले पाहिजे. धातूचा तुकडा एकसंध दिसतो, पण तो असंख्य लहान लहान स्फटिकांचा बनलेला असतो. या स्फटिकांना धातुशास्त्रात कण म्हणतात. प्रत्येक कणात अणू ओळींनी, कवायतीच्या शिस्तीने उभे असतात. मात्र एका कणातील ओळींची दिशा शेजारच्या कणातील ओळींहून निराळी असते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली ज्यांनी निरखून पाहिली असेल, त्यांना तिच्यावरील वेड्यावाकड्या, कमीअधिक चकाकणाऱ्या ठिपक्यांची नक्षी आठवेल. ते जस्ताचे कणच होत. इतर धातूंचे कण सहसा एवढे मोठे नसतात. पृष्ठभाग घासून, त्यावर सौम्य अम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याखेरीज ते दिसत नाहीत.

हातोड्याच्या घावाने कणांतील अणूंच्या ओळी एकमेकींवरून सरकतात, म्हणून धातू वाकतो. पण सरकता सरकता त्या जागोजाग अडखळतात आणि शेवटी सुताच्या गुंत्यासारखी स्थिती होते. पत्र्याचा ताठरपणा म्हणजे हाच गुंता. तापविल्यावर अणूंना हालचालीची मुभा मिळते. गुंतलेल्या जुन्या कणांच्या पोटी नवे, सरळ ओळींचे कण अंकुरतात आणि जुन्यांना गिळून वाढतात. यालाच अनुशीतन म्हणतात. प्रमाणाबाहेर तापविले तर नवे कणही एकमेकांना गिळू लागतात, मोठे होतात, आणि नंतर घडविलेल्या भांड्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसतो. अनुभवी तांबट ज्वालेतील तांब्याच्या रंगावरून हे टाळतो. त्याच्यापाशी दुसरे मोजमाप नसते.

तांब्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. लाल झालेले भांडे पाण्यात बुडविले काय किंवा वाऱ्यावर ठेवले काय, ते नरमच राहते. पोलादाचे याच्या अगदी उलट. लोहार सुरीला ‘पाणी देतो’, म्हणजे लाल पाते एकदम पाण्यात बुडवितो, तेव्हा ती कठीण होते. तापलेल्या पोलादातील अणूंची मांडणीच वेगळी असते आणि त्या मांडणीत कार्बनला सामावून घेण्यास पुरेशी जागा असते. पाते एकाएकी थंड झाले की मांडणी बदलते, पण कार्बनला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो आतच कोंडला जातो आणि साऱ्या रचनेला ताणून धरतो. तांब्यात अशी मांडणी बदलत नाही, म्हणून पाण्याचा तेथे काही परिणाम नाही.

या दोहोंपेक्षा निराळ्या स्वभावाचा एक धातू आज कृष्णपुऱ्यावरून जाणाऱ्या विमानांच्या इंजिनांत असतो. त्याचे नाव टिटॅनियम. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील विल्यम ग्रेगर नावाच्या धर्मोपदेशकाला 1791 साली तेथील काळ्या वाळूत या मूलद्रव्याचा पत्ता लागला. सवड मिळेल तेव्हा खनिजे तपासण्याचा त्याचा छंद होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट याने 1795 मध्ये त्याला ग्रीक पुराणातील टायटन दैत्यांवरून नाव दिले. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही टिटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, आहे. शुद्ध धातू हाती येण्यास मात्र 1910 साल उजाडावे लागले, आणि कारखान्यात तो करता येण्यास विसाव्या शतकाचा मध्य. याला कारण त्याची भूक. तापलेले टिटॅनियम हवेतील प्राणवायू व नत्रवायू शोषून घेते आणि वरचा थर काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून त्याचा उष्णतोपचार बहुधा निर्वात भट्टीत किंवा आर्गॉन वायूत करावा लागतो; उघड्या हवेत केलाच, तर तो ठिसूळ थर नंतर काढून टाकावा लागतो. तांबटाची उघडी भट्टी येथे उपयोगाची नाही.

या धातूचे वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडेच अधिक. तो गंजत नाही. आणि योग्य मिश्रण केले तर त्याचे बळ चांगल्या पोलादाच्या बरोबरीला येते. शंभर भागांत सहा भाग ॲल्युमिनियम आणि चार भाग व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू सर्वांत जास्त वापरात आहे. जेट इंजिनाच्या तोंडाशी जो अवाढव्य पंखा फिरतो, त्याची पाती ज्या चक्राला जोडलेली असतात ते चक्र पुष्कळ इंजिनांत याच मिश्रधातूचे असते. माणसाच्या झिजलेल्या खुब्यात बसविण्याचा दांडाही कित्येकदा याचाच करतात. (बाजारात टिटॅनियमच्या नावाने मिळणाऱ्या तव्यांची गोष्ट वेगळी; तेथे बहुधा नाव वरच्या लेपापुरतेच असते.)

हा धातू असा भरवशाचा असूनही 30 सप्टेंबर 2017 रोजी एक विलक्षण घटना घडली. एअर फ्रान्स कंपनीचे ए-380 जातीचे दुमजली विमान पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघाले होते. आत 497 प्रवासी आणि 24 कर्मचारी होते. ग्रीनलंडच्या हिमाच्छादित प्रदेशावरून जात असताना त्याच्या चार इंजिनांपैकी उजवीकडील बाहेरच्या इंजिनाचे पंख्याचे चक्र फुटले आणि इंजिनाचा पुढचा भाग तुटून खाली पडला. वैमानिकांनी विमान कॅनडातील गूस बे येथे सुखरूप उतरविले. कोणालाही इजा झाली नाही. फुटलेले चक्र त्याच मिश्रधातूचे होते, आणि त्याचे अपेक्षित आयुष्य संपण्यास पुष्कळ अवकाश होता.

कारण शोधायचे तर चक्राचा तुकडाच हाती हवा, आणि तो तर बर्फाच्या अफाट मैदानावर कोठेतरी पडलेला. वर नवे बर्फ साचत गेले. बर्फाखालील वस्तू टिपणारी यंत्रे त्या मैदानावरून ओढून नेत शोध चालला, आणि 2019 च्या उन्हाळ्यात सुमारे चार मीटर खोलीवर चक्राचा मोठा तुकडा सापडला. त्याच्या तपासणीनंतर फ्रान्सच्या विमान-अपघात अन्वेषण संस्थेने 2020 मध्ये अहवाल दिला. मिश्रणाचे प्रमाण बिघडलेले नव्हते, आणि परकीय कचराही धातूत शिरलेला नव्हता. दोष होता तो कणांच्या मांडणीत.

असा दोष कसा उत्पन्न होतो? थंड टिटॅनियममध्ये अणू षट्कोनी रचनेत असतात. मधमाशांच्या पोळ्याचे थर एकावर एक ठेवावेत तशी ही रचना. तिला आल्फा म्हणतात. शुद्ध टिटॅनियम 882 अंश सेल्सियसपर्यंत तापविले की रचना पालटते आणि अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर व मध्यभागी बसतात. ही बीटा रचना. ॲल्युमिनियम आल्फाला आधार देते, व्हॅनेडियम बीटाला. त्यामुळे वर सांगितलेल्या मिश्रधातूत नेहमीच्या तापमानालाही दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदतात, आणि तो पूर्णपणे बीटा होण्यास सुमारे 995 अंशांची गरज लागते. ही 995 अंशांची रेषा म्हणजे टिटॅनियमच्या उष्णतोपचाराची लक्ष्मणरेषाच होय. भट्टी तिच्या खाली ठेवावी की वर, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

रेषा ओलांडली म्हणजे सर्व आल्फा नाहीसा होतो, आणि कणांच्या वाढीला आळा घालणारे कोणी उरत नाही. बीटाचे कण भराभर फुगतात आणि नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतके मोठे होऊ शकतात. मग धातू सावकाश थंड केला तर प्रत्येक मोठ्या कणाच्या पोटात आल्फाच्या चपट्या पट्टिका निघू लागतात. त्या मन मानेल तशा निघत नाहीत. बीटाच्या एका कणात आल्फाला बसण्यास ठराविक बाराच दिशा मोकळ्या असतात. डच शास्त्रज्ञ बर्गर्स याने 1934 साली टिटॅनियमच्याच कुळातील झिर्कोनियममध्ये हा नियम दाखविला. पण बारा दिशा मोकळ्या असल्या तरी शेजारच्या पट्टिका बहुधा एकच दिशा धरतात आणि त्यांच्या जुड्या बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा धातू टोपलीच्या विणीसारखा किंवा गवताच्या पेंढ्या रचून ठेवल्यासारखा दिसतो. थंड करण्याचा वेग वाढविला की पट्टिका बारीक आणि जुड्या लहान होतात. एकदम पाण्यात बुडविले तर सुयांसारखी तीक्ष्ण रचना होते. पोलादात अशी रचना फार कठीण असते. टिटॅनियममध्ये कोंडला जाणारा कार्बनच नसल्याने कठीणपणा थोडासाच वाढतो. लोहाराची युक्ती येथे अर्धवटच लागू पडते.

पट्टिकांची रचना वाईटच असते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तडा एकदा पडला की तो अशा धातूत वेडावाकडा, वळणे घेत, रडतखडत पुढे सरकतो. म्हणून पडलेल्या तड्याला तोंड देण्यात ही रचना सरस आहे, आणि उष्णतेतही चांगली टिकते. पण तडा सुरू होऊ न देण्यात ती कमी पडते, आणि वाकण्याची तिची तयारीही थोडी. म्हणून दुसरी वाट आहे. धातू 995 अंशांच्या खाली ठेवून दाबयंत्राखाली भरपूर घडवायचा, पट्टिका मोडायच्या आणि मग तापवायचा. मोडलेल्या पट्टिकांचे तुकडे उष्णतेने गोलसर होतात आणि साबुदाण्यासारखे बारीक, सारखे कण मिळतात. या धातूत तडा सहजासहजी सुरू होत नाही. तिसरी वाट मधली: रेषेच्या थोडे खाली, म्हणजे सुमारे 955 अंशांवर ठेवून काही गोल आल्फा कण शिल्लक राखायचे, चटकन थंड करायचे, आणि नंतर पाचशे ते सहाशे अंशांवर काही तास मुरू द्यायचे. गोल कणांमध्ये बारीक पट्टिकांची वीण असा मिलाफ तयार होतो. मिश्रणाचे प्रमाण तिन्ही ठिकाणी तेच. भट्टीचा आकडा, थंड करण्याचा वेग आणि हातोड्याचे काम एवढेच निराळे.

पोलादाशी तुलना केली असता टिटॅनियमची एक मोठी अडचण ध्यानात येते. पोलादाचे कण मोठे झाले तर ते पुन्हा तापवून वाऱ्यावर थंड केले म्हणजे बऱ्याच अंशी बारीक होतात. रचनेच्या पालटातच नवे कण जन्मतात. टिटॅनियममध्ये बाराच दिशांच्या त्या नियमामुळे जुन्या मोठ्या कणाची स्मृती पुसली जात नाही. नुसत्या अग्नीने बिघडलेले नुसत्या अग्नीने सुधारत नाही. त्याला हातोडाच हवा. ठोकणे आणि तापविणे यांची जी जोडी तांबटाला सवयीने ठाऊक होती, ती येथे सक्तीची ठरते.

आता त्या फुटलेल्या चक्राकडे वळू. षट्कोनी आल्फा कणाचा एक आस असतो. आसाच्या दिशेने ओढले तर तो कण ताठ राहतो. आडव्या दिशेने ओढले तर सहज दबतो. कणांचे आस चोहोबाजूंना वळलेले असतील तर ताठ आणि मऊ यांची सरमिसळ होऊन भार वाटला जातो. परंतु घडवणीत ओतीव ठोकळ्याच्या मोठ्या बीटा कणांची जुनी स्मृती पुरती मोडली गेली नाही, तर गोल व बारीक दिसणारे हजारो कण एकाच दिशेला आस करून राहतात. शहरात एकाच धंद्याच्या लोकांचा मोहल्ला असावा, तसा हा कणांचा मोहल्ला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कण सुटा आणि निर्दोष दिसतो. दिशा दिसत नाही. म्हणूनच असे मोहल्ले नेहमीच्या तपासणीतून निसटतात.

विमान उड्डाण करते तेव्हा चक्रावर पूर्ण ताण येतो आणि काही वेळ टिकून राहतो. त्या अवधीत मऊ कण थंड असतानाही अगदी किंचित सरकतात, आणि त्यांनी टाकलेला भार शेजारच्या ताठ कणांवर पडतो. पालखीच्या एका भोयाने खांदा जरा खाली केला की दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे वाढते, तसेच. ताठ कण एकटा असता तर भार आणखी चौघांत वाटला गेला असता. पण साराच मोहल्ला ताठ असेल तर तडा एका कणात सुरू होऊन न अडखळता दुसऱ्यात, तिसऱ्यात जातो. ग्रीनलंडवर फुटलेल्या चक्रात तडा पृष्ठभागावर नव्हे, तर धातूच्या आत, अशाच एका मोहल्ल्यात जन्मला होता.

हा दोष अगदीच अज्ञात होता असे म्हणता येत नाही. 1972 च्या अखेरीस व 1973 च्या आरंभी लॉकहीड ट्रायस्टार विमानांच्या रोल्स-रॉइस इंजिनांतील पंख्यांची दोन चक्रे अशीच निकामी झाली होती. ती निराळ्या टिटॅनियम-मिश्रधातूची होती. तिचा उष्णतोपचार बीटा-रेषेच्या वर झाला होता, आणि आत एकाच दिशेच्या पट्टिकांच्या मोठ्या जुड्या होत्या. त्यानंतर त्या जागी सहा-चारचा मिश्रधातू आला आणि धोका टळल्याची भावना झाली. रेषेच्या खाली घडविलेला, गोल कणांचा सहा-चारचा मिश्रधातूही याच रोगाला बळी पडू शकतो, हे प्रत्यक्ष प्रवासी विमानात दिसण्यास 2017 साल यावे लागले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा हा विसावा फार महागात पडला नाही, तो केवळ वैमानिकांचे कौशल्य आणि सुदैव यांमुळे.

अशा अदृश्य दिशा वाचण्याची साधने आता उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी एक खुद्द इंदूरला आहे. शहराच्या कडेला सुखनिवास भागात 1984 साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा पाया घातला गेला. 2005 पासून त्याला डॉ. राजा रामण्णा यांचे नाव आहे. तेथील ‘इंडस-2’ या यंत्रात इलेक्ट्रॉन वर्तुळाकार मार्गाने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरविले जातात आणि त्यांतून तीव्र क्ष-किरण मिळतात. क्ष-किरण धातूवर टाकले म्हणजे ते अणूंच्या थरांवरून ठराविक कोनांत परावर्तित होतात. त्या कोनांवरून आत आल्फा किती, बीटा किती, ओळी ताणलेल्या आहेत की सैल आणि कोणत्या दिशेला वळलेल्या आहेत, हे काढता येते. महाराष्ट्रात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. श्रीकुमार बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिटॅनियम व झिर्कोनियम यांतील रचना-पालटांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याला जगातील धातुशास्त्रज्ञ मानतात.

इंदूरच्या याच केंद्रात धातूची भुकटी लेसर-किरणांनी वितळवून, थरावर थर चढवीत वस्तू उभी करण्याचे तंत्रही विकसित झाले आहे आणि टिटॅनियमच्या मिश्रधातूंवर त्याचे प्रयोग झाले आहेत. येथे हातोडा मुळीच नाही. वितळलेला बिंदू क्षणार्धात थिजतो, त्यामुळे आत सुयांची रचना होते. आणि प्रत्येक नवा थर खालच्या थरातील कणांची दिशा उचलत असल्याने बीटाचे कण खांबांसारखे उभे वाढतात. वस्तू आकाराने हुबेहूब उतरते, पण तिच्यात ताण कोंडलेला असतो आणि उभे व आडवे बळ सारखे नसते. मग तिला सातशे-आठशे अंशांवर ठेवून ताण उतरवावा लागतो. किंवा सुमारे 920 अंशांवर, चोहोबाजूंनी वायूचा हजार वातावरणांएवढा दाब देऊन आतील बारीक पोकळ्या मिटवाव्या लागतात. सुया विरघळतात, पट्टिका जाड होतात, धातूला थोडी लवचिकता येते. खांब मात्र उभेच राहतात, कारण ते मोडण्यास घाव घालणारे कोणी नसते. घडवून आणि वाकवून नव्हे, तर थेट हव्या त्या आकारात केलेल्या वस्तूच्या वाट्याला आलेली ही उणीव कशी भरून काढावी, यावर जगभर काम चालू आहे.

कारखान्यात टिटॅनियमचा नवा ठोकळा आला म्हणजे पुस्तकातील 995 या आकड्यावर विसंबत नाहीत. प्राणवायूचा अंश किंचित जास्त असला तरी बीटा-रेषा वर सरकते. प्रत्येक ओतणीची रेषा थोडी निराळी असते. म्हणून ठोकळ्यातून बोटाच्या पेराएवढे तुकडे कापतात, एकेक तुकडा चढत्या तापमानाला ठेवून पाण्यात टाकतात, घासून अम्ल लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ज्या तुकड्यात आल्फाचा शेवटचा पांढरा ठिपकाही उरलेला नसतो, त्याच्या भट्टीचा आकडा टिपून घेतात. आणि मगच मोठी भट्टी किती अंशांवर लावावयाची ते ठरते.